मोठ्या कुत्र्याची नसबंदी कधी करायची आणि ऑपरेशनमध्ये काय बिघडू शकतं?

(हे एपिसोडचं लिखित रूप आहे. बोलताना आलेले 'अं', 'ते हे' काढून टाकलेत, बाकी जवळपास जसं बोललो तसंच ठेवलंय. ट्रेनमध्ये नेट जात असेल तर वाचून काढा.)

आजचा एपिसोड कुत्रा पाळणाऱ्यांसाठी. त्यातही ज्यांच्या घरात लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, डॉबरमन किंवा ग्रेट डेन असं एखादं धूड वाढतंय, त्यांच्यासाठी खास.

एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली होती. त्यांचा लॅब नऊ महिन्यांचा, वजन २८ किलो. एक डॉक्टर म्हणाले, "सहाव्या महिन्यातच करून टाकायला हवं होतं." दुसरे म्हणाले, "दीड वर्ष थांबा." ब्रीडर म्हणाला, "करूच नका, कुत्रा मऊ पडतो." आणि घरी आई म्हणतेय, "मुक्या जीवाला कापता कशाला?" चार माणसं, चार उत्तरं. आता या माणसाने करायचं काय?

आधीच सांगतो, मी व्हेट नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. त्यामुळे औषधांचे डोस वगैरे मी सांगणार नाही. पण यावर गेल्या दहा-बारा वर्षांत बराच डेटा आलाय, आणि तो वाचून डॉक्टरांसमोर बसलात तर गप्पा वेगळ्या होतात. ऑपरेशन एकदा झालं की परत फिरवता येत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर या डिप्लॉयला रोलबॅक नाही. म्हणून आधी समजून घेऊ.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर हे घ्या: मोठ्या जातींसाठी सगळ्यांना लागू होईल असा एक ठरलेला महिना नाही. जात कुठली, नर की मादी, आणि तुमचं घर कसं आहे, या तीन गोष्टींवरून तारीख ठरते. आणि तारीख ठरली की ऑपरेशनआधीची रक्ततपासणी आणि नंतरचे चौदा दिवस, या दोन गोष्टी तारखेइतक्याच महत्त्वाच्या.

नसबंदी म्हणजे नेमकं काय करतात?

आपण सरसकट 'नसबंदी' म्हणतो, पण माणसांची नसबंदी आणि कुत्र्यांची नसबंदी यात मोठा फरक आहे. माणसात फक्त नळी बंद करतात, हार्मोन तसेच राहतात. कुत्र्यांत नराचे दोन्ही वृषण काढतात. मादीची दोन्ही अंडाशयं, आणि बहुतेक वेळा गर्भपिशवीसुद्धा काढतात. म्हणजे पिल्लं होणं थांबतंच, पण हार्मोनचा कारखानाही बंद होतो.

सगळा वाद इथूनच सुरू होतो. कारण ही हार्मोन्स फक्त पिल्लांसाठी नसतात, हाडांसाठीही असतात.

हाडांचा आणि याचा काय संबंध?

वाढत्या पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकाशी कूर्चेची एक पट्टी असते, तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. हाड लांब होतं ते तिथून. वयात आल्यावर लैंगिक हार्मोन या पट्टीला सांगतात, "बास, आता वाढ पुरे." मग पट्टी बंद होते, पक्कं हाड तयार होतं.

हार्मोन त्याआधीच काढून टाकले तर 'बास' म्हणणारं कोणी उरत नाही. पट्टी काही महिने जास्त उघडी राहते. हाड थोडं जास्त लांब होतं, सांध्यातले कोन किंचित बदलतात. पॉमेरेनियनसारख्या चार-पाच किलोच्या कुत्र्याला याने फारसा फरक पडत नाही. त्याची वाढ लवकर संपते आणि सांध्यांवर भारही कमी. पण लॅबची वाढ साधारण वर्षभर, दीड वर्ष चालते. ग्रेट डेनसारख्या महाकाय जातींची त्याहूनही जास्त. आणि त्या सांध्यांना पुढे दहा वर्षं तीस-चाळीस किलो उचलायचे असतात.

म्हणून 'सहा महिने' हा आकडा लहान जातींना चालून जातो, मोठ्या जातींत मात्र प्रश्न उभा राहतो.

डेटा काय सांगतो?

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसमध्ये प्राण्यांचं मोठं हॉस्पिटल आहे. तिथल्या संशोधकांनी हॉस्पिटलच्या जुन्या नोंदी काढून जातीनिहाय अभ्यास केले.

पहिला २०१३ मध्ये, ७५९ गोल्डन रिट्रीव्हरवर. एक वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या नरांपैकी सुमारे १० टक्क्यांना हिप डिस्प्लेशिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा आजार, निघाला. नसबंदी न झालेल्यांच्या दुप्पट. गुडघ्यातलं क्रूशिएट लिगामेंट तुटण्याची एकही केस नसबंदी न झालेल्यांत नव्हती. लवकर नसबंदी झालेल्यांत मात्र नरांत साधारण ५ टक्के आणि माद्यांत ८ टक्के.

मग २०१४ मध्ये लॅब आणि गोल्डनची तुलना आली. सहा महिन्यांच्या आत नसबंदी केली तर लॅबमध्ये सांध्यांच्या आजारांचं प्रमाण साधारण दुप्पट झालं. गोल्डनमध्ये चार ते पाच पट. बघा, दोन्ही रिट्रीव्हर, अंगापिंडाने सारखेच, तरी एवढा फरक.

२०१६ मध्ये जर्मन शेफर्ड. नसबंदी न झालेल्यांत सांध्यांचे आजार नरांत ७ टक्के, माद्यांत ५ टक्के. एक वर्षाच्या आत नसबंदी झालेल्यांत नरांत २१ टक्के, माद्यांत १६ टक्के. जवळपास तिप्पट. आपल्याकडे शेफर्ड किती घरांत आहेत ते तुम्हाला माहीतच आहे.

२०२० मध्ये त्यांनी ३५ जातींचा एकत्र अभ्यास काढला. लहान जातींत सांध्यांवर फरक दिसला नाही. पण गंमत म्हणजे ग्रेट डेन आणि आयरिश वुल्फहाउंड या महाकाय जातींतही वाढ दिसली नाही. म्हणजे 'जितका मोठा कुत्रा तितका धोका' असं सरळ सूत्रही लागत नाही. तरीही डेनची वाढ उशिरापर्यंत चालते, म्हणून एक वर्ष उलटून बऱ्यापैकी पुढे गेल्यावरच करा, असं त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी मिश्र जातींवरही अभ्यास आला. मोठेपणी २० किलोच्या वर जाणाऱ्या कुत्र्यांत वर्षाच्या आत नसबंदी केली तर सांध्यांचा धोका वाढलेला दिसला.

त्यांनी जातीनुसार जे सुचवलं ते असं:

- लॅब्रॅडॉर: नर सहा महिन्यांनंतर, मादी अकरा महिन्यांनंतर.
- गोल्डन रिट्रीव्हर: नर अकरा महिन्यांनंतर. मादीत कॅन्सरचा मुद्दा गुंतागुंतीचा आहे, म्हणून एकतर करू नका, किंवा वर्षाच्या सुमारास करा आणि कॅन्सरवर लक्ष ठेवा.
- जर्मन शेफर्ड: नर आणि मादी दोन्ही, तेवीस महिन्यांनंतर.
- रॉटवायलर: नर अकरा महिन्यांनंतर, मादी सहा महिन्यांनंतर.

रॉटवायलरवर २००२ चा एक वेगळा अभ्यासही आहे. वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या रॉटवायलरमध्ये हाडाचा कॅन्सर आयुष्यात कधीतरी होण्याचं प्रमाण चारात एक इतकं निघालं. म्हणून बरेच डॉक्टर या जातीत मादीलाही घाई करत नाहीत.

आकडे वाचताना थोडं थांबा

आता यातल्या अडचणी. एक, ही विद्यापीठाच्या हॉस्पिटलमध्ये आलेली कुत्री आहेत. तिथे मुळात अवघड केसेस जास्त येतात. त्यामुळे तुमच्या सोसायटीतल्या शेफर्डना अगदी हेच टक्के लागू होतील असं नाही. दोन, एका बाजूला आकडा वाढलेला दिसला म्हणजे कारण शंभर टक्के तेच, असं सिद्ध होत नाही. तीन, नसबंदीनंतर कुत्रा जाड होतो, आणि जाड कुत्र्याचे सांधे लवकर जातात. हे धागे पूर्ण वेगळे करणं कठीण आहे.

पण कल एकाच दिशेला आहे. म्हणूनच अमेरिकेतल्या एएएचए या पशुवैद्यकीय संस्थेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं की मोठेपणी साधारण २० किलोच्या वर जाणाऱ्या नराची नसबंदी वाढ थांबल्यावर करा, म्हणजे बहुतेक वेळा ९ ते १५ महिन्यांच्या दरम्यान. मादीसाठी त्यांनी ५ ते १५ महिने अशी रुंद खिडकी दिली आणि निर्णय डॉक्टर आणि पालकांवर सोडला.

म्हणजे त्या व्हॉइस नोटमधल्या नऊ महिन्यांच्या लॅबचं काही हुकलेलं नाही. तो या खिडकीच्या दारातच उभा आहे. वर्ष-सव्वा वर्षापर्यंत थांबला तरी चालेल, अट एकच, मधल्या काळात तो पळून जाऊ नये.

नर: थांबणं तुलनेने सोपं

नराच्या बाबतीत तब्येतीसाठी घाई करावी असं कारण सहसा नसतं. नसबंदी न केलेल्या नराला म्हातारपणी प्रोस्टेट वाढणं, वृषणाची गाठ अशा गोष्टी होऊ शकतात, पण त्या उशिराच्या.

एक अपवाद लक्षात ठेवा. पिल्लाचे दोन्ही वृषण खाली उतरलेत का हे बघून घ्या. सहा महिन्यांपर्यंत एखादा पोटातच किंवा जांघेत अडकून राहिला असेल तर त्याला डॉक्टर क्रिप्टॉर्किड म्हणतात. अडकलेल्या वृषणात पुढे कॅन्सरचा धोका बराच जास्त असतो आणि तो आतल्या आत पिळलाही जाऊ शकतो. अशा कुत्र्याची नसबंदी करायचीच असते, आणि त्याच्यापासून पिल्लंही काढायची नसतात.

आता वागणुकीचं. "फार चावरा झालाय, नसबंदी करून टाका म्हणजे शांत होईल," हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. वासावर पळून जाणं, जागोजागी लघवीचे शिक्के मारणं, पाहुण्यांच्या पायावर चढणं, हे बऱ्याचदा कमी होतं. पण भीतीतून येणारं भुंकणं-चावणं याने जाईल अशी खात्री नाही. त्यासाठी ट्रेनिंगच लागतं. आणि ब्रीडर म्हणतो तसा कुत्रा 'मऊ' पडतो, तर तेही नाही. घराची राखण करण्याची सवय हार्मोनबरोबर जात नाही.

मादी: इथे तराजू खरंच कठीण

मादीच्या बाबतीत थांबण्याची किंमत जास्त असते, म्हणून नीट ऐका.

थांबण्याच्या विरुद्ध दोन मोठे मुद्दे. पहिला पायोमेट्रा, म्हणजे गर्भपिशवीत पू होणं. हीट संपल्यावर काही आठवड्यांनी होतो. मादी पाणी खूप पिते, मलूल होते, कधी पू बाहेर येतो, कधी आतच साठतो. वेळेत ऑपरेशन झालं नाही तर जीव जातो. स्वीडनमध्ये बहुतेक माद्यांची नसबंदी करत नव्हते. तिथल्या विमा कंपनीच्या नोंदींत दहा वर्षांची होईपर्यंत जवळपास चारातल्या एका मादीला हा आजार झालेला दिसला. हा आकडा लहान नाही.

दुसरा मुद्दा स्तनाच्या गाठींचा. १९६९ चा एक जुना अभ्यास सगळीकडे सांगितला जातो: पहिल्या हीटच्या आधी नसबंदी केली तर धोका ०.५ टक्के, पहिल्या हीटनंतर ८ टक्के, दुसऱ्या हीटनंतर २६ टक्के. हे टक्के नसबंदी न झालेल्या मादीच्या धोक्याच्या तुलनेत आहेत, हे बरेच जण सांगायचं विसरतात. म्हणजे २६ टक्के माद्यांना गाठ होते असा अर्थ नाही. शिवाय २०१२ मध्ये यावरचे सगळे अभ्यास पुन्हा तपासले गेले, तेव्हा पुरावा कच्चा आहे असा निष्कर्ष निघाला. तरी मुद्दा पूर्ण सोडून द्यावा असंही नाही.

आता थांबण्याच्या बाजूने. सांधे तर आहेतच. शिवाय मोठ्या माद्यांत नसबंदीनंतर काही महिन्यांनी-वर्षांनी झोपेत लघवी गळण्याचा त्रास होऊ शकतो. २० किलोच्या वरच्या माद्यांत हा जास्त दिसतो, आणि वाढ पूर्ण व्हायच्या आधी केलं तर आणखी. डेव्हिसच्या शेफर्ड अभ्यासात वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या माद्यांत ७ टक्क्यांना हा त्रास होता, न झालेल्यांत कोणालाच नव्हता. गोळ्यांनी बहुतेक वेळा आटोक्यात येतो, पण गोळ्या बरेचदा आयुष्यभर.

म्हणून मोठ्या मादीसाठी बरेच जण मधला रस्ता धरतात: एक हीट होऊ द्यायची, आणि ती संपल्यावर साधारण दोन ते तीन महिन्यांनी ऑपरेशन करायचं. हे अंतर का? हीटमध्ये गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, रक्तस्राव जास्त होऊ शकतो. आणि लगेच नंतर केलं तर हार्मोन एकदम कोसळून खोट्या गरोदरपणाची लक्षणं रेंगाळू शकतात. तारीख घेताना शेवटची हीट कधी झाली हे डॉक्टरांना नक्की सांगा. फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा, नंतर आठवत नाही.

तुमचं घर थांबायला तयार आहे का?

हा प्रश्न कुठल्याच अभ्यासात नाही, पण निर्णय बरेचदा इथेच होतो.

मादी हीटवर येते तेव्हा साधारण तीन आठवडे सांभाळावं लागतं. गल्लीतले सगळे नर गेटपाशी जमतात. फ्लॅटमध्ये राहत असाल तर निदान दार बंद करता येतं. बंगला, शेत किंवा वाडा असेल तर कुंपणाखालून नर आत येतातच. गावाकडे कुत्रं मोकळं सोडायची पद्धत असेल तर 'एक हीट थांबू' याचा अर्थ बऱ्याचदा 'आठ-दहा पिल्लं' असा होतो. त्या पिल्लांना घरं कोण शोधणार?

नराचं तसंच. हीटवरच्या मादीचा वास लागला की पट्टा तोडून पळणारा लॅब रस्त्यावर गाडीखाली येऊ शकतो. बारा वर्षांनंतरचे सांधे वाचवताना तो पहिल्याच वर्षी जायला नको.

त्यामुळे स्वतःला चार प्रश्न विचारा. जात कुठली आणि मोठेपणी वजन किती होणार? नर की मादी? घर बंदिस्त आहे का आणि रोज पट्ट्यावर फिरवणारं जबाबदार माणूस आहे का? घरात किंवा शेजारी विरुद्ध लिंगाचं, नसबंदी न झालेलं कुत्रं आहे का? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं गडबडीची असतील तर लवकर केलेलंच बरं.

आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांचं? तिथे हे गणित लावू नका, प्लीज. २०२३ च्या अॅनिमल बर्थ कंट्रोल नियमांखाली पकडून, नसबंदी आणि रेबीजची लस देऊन त्याच जागी सोडतात. ते कुत्रं पुन्हा हाती लागेल याची शाश्वती नसते. तिथे 'तेवीस महिने थांबा' म्हणणं चुकीचं. आजचा एपिसोड घरातल्या, मोठ्या जातीच्या कुत्र्यांपुरता.

ऑपरेशनआधी: गोचीड तापाची तपासणी टाळू नका

हे निरोगी कुत्र्यातलं नेहमीचं ऑपरेशन आहे. पण 'नेहमीचं' म्हणजे 'तपासणी नको' असं नाही.

आपल्या हवामानात सगळ्यात महत्त्वाचं काय, तर गोचीड. गोचिडींमुळे एर्लिकिया नावाचा संसर्ग होतो, त्यालाच आपण टिक फीव्हर म्हणतो. यात प्लेटलेट कमी होतात. काही कुत्री वरून एकदम ठणठणीत दिसतात, जेवतात, खेळतात, आणि रक्तात प्लेटलेट मात्र खाली. अशा कुत्र्यावर चाकू चालवला तर रक्त थांबत नाही. म्हणून ऑपरेशनआधी सीबीसी, त्यात प्लेटलेटचा आकडा, आणि लिव्हर-किडनीची तपासणी करून घ्या. प्लेटलेट कमी निघाल्या तर तारीख पुढे ढकला, आधी उपचार. काही बिघडत नाही.

मग जातीनुसार काही गोष्टी:

- डॉबरमनमध्ये व्हॉन विलेब्रँड नावाचा आनुवंशिक रक्तस्रावाचा आजार बऱ्यापैकी दिसतो. डॉक्टरांना आधी विचारा.
- ग्रेहाउंडसारख्या सडपातळ शिकारी जातींना काही जुन्या भुलीच्या औषधांतून शुद्धीवर यायला वेळ लागतो. आपले कारवान आणि मुधोळ त्याच बांध्याचे, म्हणून भूल देणाऱ्याला जात स्पष्ट सांगा.
- कोली आणि काही शेफर्डमध्ये एक जनुकीय बदल असतो, त्याने काही औषधं जास्त चढतात.
- ग्रेट डेनसारख्या खोल छातीच्या जातींत पोट फुगून पिळलं जाण्याचा धोका असतो. त्याच भुलीत पोट आतून टाका घालून बसवता येतं. हवंय का, ते डॉक्टरांशी बोला.

डॉक्टरांना बिनधास्त विचारा: शिरेत सलाईनची सुई लावून ठेवणार का? श्वासनलिकेत नळी टाकणार का? गॅसची भूल आहे की फक्त इंजेक्शनची? ऑक्सिजन आणि हृदयाचे ठोके मशिनवर बघणार का? दुखण्यावर काय देणार? चांगले डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाहीत.

काय काय बिघडू शकतं?

आधी भूल. ब्रिटनमध्ये २००८ साली छापलेल्या मोठ्या अभ्यासात निरोगी कुत्र्यांत भुलीशी संबंधित मृत्यूचं प्रमाण ०.०५ टक्के होतं, म्हणजे दोन हजारांत एक. खूप कमी, पण शून्य नाही. आणि त्यातली कामाची गोष्ट अशी की जवळपास निम्मे मृत्यू ऑपरेशन संपल्यावर झाले, त्यातले बहुतेक पहिल्या तीन तासांत. म्हणून कुत्रा अर्धवट गुंगीत असताना रिक्षात घालून घरी आणायची घाई करू नका. उठून नीट बसला, मान सावरली, मग निघा.

दुसरं, रक्तस्राव. मादीत अंडाशयाच्या रक्तवाहिनीला बांधलेला धागा सैल झाला तर रक्त आतल्या आत साठतं. मोठ्या, खोल छातीच्या, अंगावर चरबी असलेल्या मादीत ती जागा डॉक्टरांना दिसायलाही कठीण असते. लक्षणं: हिरड्या पांढुरक्या, अंग गार, श्वास जलद, पोट फुगलेलं, उठवलं तरी उठत नाही. हे दिसलं की फोनवर फोटो पाठवत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

नरात जास्त दिसतं ते अंडकोषाच्या पिशवीत रक्त साठणं. मोठ्या, पूर्ण वाढलेल्या नरात हे जास्त होतं, कारण रक्तवाहिन्या जाड आणि पिशवी मोठी, रिकामी. थोडी सूज चालते. पण ती वांग्यासारखी जांभळी, टणक होत गेली तर दाखवा. बऱ्याचदा कारण एकच: दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोफ्यावर उडी.

तिसरं, जखमेचं: पाणी साठून गाठ येणं, पू होणं, टाके उसवणं. यातलं बरंचसं चाटण्यामुळे होतं. पावसाळ्यात आणखी एक भर, ओली जखम आणि माश्या. अळ्या पडायला वेळ लागत नाही.

चौथं, दुर्मीळ पण माहीत असावं असं: अंडाशयाचा तुकडा आत राहिला तर काही महिन्यांनी मादी पुन्हा हीटवर आल्यासारखी वागते. मूत्रवाहिनी चुकून धाग्यात येणं हेही फार क्वचित घडतं.

घरचे चौदा दिवस

- मानेला कोन लावायचाच. "बिचारा किती केविलवाणा दिसतो" म्हणून काढला की तासाभरात टाके चाटून उसवतो.
- दहा ते चौदा दिवस उड्या, पळणं, जिने बंद. फक्त पट्ट्यावर शी-शूसाठी. घरात गुळगुळीत टाइल्स असतील तर चटया टाका.
- अंघोळ नाही. जखम रोज दिवसातून दोनदा बघा, रोज एक फोटो काढा. सूज वाढतेय की कमी होतेय ते फोटो शेजारी ठेवल्यावर लगेच कळतं.
- जखमेवर हळद, तेल, राख काही नाही. आजीला प्रेमाने समजवा.
- माणसांच्या वेदनाशामक गोळ्या अजिबात नाहीत. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटाला आणि किडनीला घातक ठरतात. डॉक्टरांनी दिलेलीच द्या.
- नरात काही आठवडे जुने शुक्राणू शिल्लक असतात. महिना-दीड महिना हीटवरच्या मादीपासून लांब ठेवा.
- नसबंदीनंतर शरीराला लागणारं अन्न साधारण २० ते ३० टक्क्यांनी कमी होतं, भूक मात्र वाढते. टाके निघाल्यावर वाटी मोजून भरा. जे सांधे वाचवायला एवढे थांबलो, ते वजनाने घालवायचे नाहीत.

लगेच फोन कधी करायचा? सारखं रक्त टपकत असेल, हिरड्या पांढऱ्या असतील, चोवीस तासांनंतरही काहीच खात नसेल, उलट्या थांबत नसतील, लघवी होत नसेल, ताप १०३ फॅरनहाइटच्या वर असेल, किंवा जखमेतून वास येत असेल. दवाखान्याचा रात्रीचा नंबर ऑपरेशनच्या दिवशीच मागून घ्या.

जाता जाता

आईचा तो प्रश्न राहिला, मुक्या जीवाला कापायचं कशाला? प्रश्न रास्त आहे. ज्यांचं घर बंदिस्त आहे, ज्यांना हीट सांभाळता येते आणि पायोमेट्राची लक्षणं ओळखता येतात, ते न करण्याचाही निर्णय घेऊ शकतात. काही देशांत बहुतेक कुत्री तशीच असतात. पण 'न करणं' हा निर्णय असेल तर तो रोज निभवावा लागतो, बारा वर्षं. ऑपरेशन केलं तर चौदा दिवस निभवावे लागतात. दोन्हीतलं तुम्हाला झेपेल ते निवडा. फक्त शेजाऱ्याच्या पगच्या तारखेवरून आपल्या शेफर्डची तारीख ठरवू नका.

तुमच्याकडे कुठली जात आहे, वय आणि वजन किती, हे लिहून प्रश्न पाठवा. डॉक्टरांना काय विचारायचं याची यादी आपण मिळून करू. एपिसोड आवडला असेल तर ज्याच्या घरी आत्ता मोठ्या जातीचं पिल्लू आलंय त्याला पाठवा, त्याला वेळेत उपयोग होईल.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि आज रात्री कुत्र्याच्या कानामागे, बोटांच्या मध्ये गोचीड आहेत का ते नक्की बघा!